गाभण गाईला सरकीसोबत भरडलेलं जवस दिलं तर व्याल्यावर दगडी (कासेला सूज येण्याचा आजार) टळेल का?
नुसत्या जवसाने दगडी टळणार नाही. त्यापेक्षा आटवलेल्या काळात, म्हणजे विण्याआधी दूध काढणं बंद असतं तेव्हा, ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम पुरेसं मिळणं जास्त मोलाचं. जवसातलं ओमेगा-३ सूज आवरायला मदत करतं खरं, पण रवंथाच्या पोटातले जंतू त्यातलं बरंचसं बदलून टाकतात. शिवाय असं तेल वाढलं की ई जीवनसत्त्वाची गरजही वाढते. कासेत शिरलेल्या जंतूंना मारणाऱ्या पांढऱ्या पेशींना त्याचाच आधार. खानदेशात उन्हाळ्यात जनावर कडब्यावर असतं, आणि वाळलेल्या वैरणीत हे जीवनसत्त्व फारसं उरत नाही. अशा आटवलेल्या गाईला अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेची २००१ची शिफारस रोज साधारण १००० युनिट ई जीवनसत्त्वाची होती. जमेल तेवढा हिरवा घास द्याच. सेलेनियम मात्र जास्त झालं तर विषबाधा होते, त्यामुळे मात्रा पशुवैद्यकांनाच ठरवू द्या.