क्वीन जमला, जमली की जमलं?

प्रश्न असा आला आहे: क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या सुरुवातीच्या वर्षांवर मराठीत लिहायचं आहे. ‘क्वीन स्थापन झाला’ लिहायचं, ‘झाली’ लिहायचं की ‘झाले’? आणि पुढे ‘क्वीनने’ की ‘क्वीननी’? विचारणाऱ्यांनी आपलं एक वाक्यही सोबत दिलंय: ‘क्वीन १९७० मध्ये लंडनमध्ये स्थापन झाले आणि त्यांनी १९७३ मध्ये त्यांचा पहिला अल्बम रिलीज केला.’ क्वीन म्हणजे राणी, तेव्हा स्त्रीलिंगच हवं, असं त्यांच्या एका मित्राचं म्हणणं आहे.

माझं उत्तर पुल्लिंगी एकवचन. क्वीन जमला, क्वीन गाजला, क्वीन अमेरिकेला गेला.

राणीचा मुद्दा आधी. एखादी गोष्ट नाव म्हणून वापरली की त्या शब्दाचं मूळ लिंग मराठीत बहुतेक वेळा मागे पडतं आणि नावामागे न बोललेलं जे सामान्यनाम असतं ते क्रियापदाला ओढून घेतं. सिंहगड हा किल्ला, पुल्लिंगी. पण पुण्याहून मुंबईला जाणारा माणूस ‘आज सिंहगड चुकली’ म्हणतो, कारण मनात ‘गाडी’ असते. सकाळ होते, सकाळ उजाडते, शब्द स्त्रीलिंगी. तरी नानासाहेब परुळेकरांनी १९३२ मध्ये पुण्यात सुरू केलेलं वर्तमानपत्र घरोघरी ‘आजचा सकाळ’ म्हणूनच मागितलं जातं, कारण मागे ‘पेपर’ आहे. सत्ता स्त्रीलिंगी, पण ‘आजचा लोकसत्ता’. तिथे तर सामान्यरूपही होत नाही; ‘लोकसत्तेने’ असं न लिहिता ‘लोकसत्ताने’ लिहितात. नाव जसंच्या तसं ठेवायचं आणि प्रत्यय लावायचा.

क्वीन या शब्दावर तर हा नियम तिन्ही लिंगांत दाखवता येतो, आणि म्हणूनच हा प्रश्न मला इतका आवडला. डेक्कन क्वीन सुटली, कारण ती गाडी. क्वीन गाजला, कारण तो बँड. ‘किलर क्वीन’ गाजलं, कारण ते गाणं. १९७४ च्या शरदात आलेलं हे गाणं ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं आणि या चौघांचं नाव घरोघरी पोचलं. ‘क्वीन आली’ असं नुसतं म्हटलंत तर ऐकणाऱ्याला बकिंगहॅम पॅलेस आठवेल.

‘झाले’ हे अनेकवचन कुठून आलं असावं, याचाही अंदाज करता येतो. ब्रिटिश इंग्रजीत बँडच्या नावापुढे अनेकवचनी क्रियापद सर्रास येतं, ‘क्वीन वेअर’ असं. अमेरिकेत त्याच जागी ‘क्वीन वॉज’ म्हणतात. क्वीनवरचा बराचसा मजकूर इंग्लंडमध्ये लिहिलेला, तेव्हा वाचून वाचून ते अनेकवचन हाताखालून उतरतं. मराठीत ते इतक्या सहज बसत नाही. माणसांचा समूह आपण ‘संघ हरला’, ‘सेना निघाली’, ‘मंडळी आली’ असा एकवचनात चालवतो. अपवाद अशा नावांचा, जी नावंच अनेकवचनी आहेत: बीटल्स, रोलिंग स्टोन्स, किंक्स. तिथे शेवटचा ‘स’ आपल्या कानाला अनेकवचनच सांगतो, म्हणून ‘बीटल्स हॅम्बुर्गला गेले’ हेच योग्य वाटतं, ‘गेला’ नाही.

‘ने’ आणि ‘नी’चं उत्तर यातूनच निघतं. प्रमाण लेखनात ‘ने’ एकवचनाचा आणि ‘नी’ अनेकवचनाचा, म्हणून ‘क्वीनने’ पण ‘बीटल्सनी’. घोटाळा होतो कारण बोलताना आपल्यापैकी पुष्कळ जण ‘त्यानी केलं’, ‘दादानी सांगितलं’ असं एकवचनातही ‘नी’ लावतात. बोलण्यात त्यात काही वावगं नाही; छापायचं असेल तर फरक पाळावा.

लिंगाचा प्रश्न मराठीत निम्म्या वाक्यांत उद्भवतच नाही, हेही लक्षात घ्या. सकर्मक क्रियापद भूतकाळात आलं की ते कर्माच्या मागे जातं. क्वीनने गाणी केली, क्वीनने अल्बम काढला, क्वीनने दौरे केले: कर्ता कोणत्या लिंगाचा आहे हे या वाक्यांना कळतही नाही. अडतं ते ‘आला’, ‘गेला’, ‘गाजला’, ‘जमला’ इथेच.

आता ‘स्थापन झाला’. व्याकरणाने चूक नाही, पण मला ते खटकतं. स्थापना गणपतीची होते, संस्थेची होते, पक्षाची होते. तिला तारीख असते, ठराव असतो. बँड असा होत नाही. आपल्याकडे नाटकवाल्यांनी यासाठी चांगली क्रियापदं घडवून ठेवली आहेत. बालगंधर्व, गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि १९१३ मध्ये त्यांनी गंधर्व नाटक मंडळी ‘काढली’. कंपनी काढतात, कंपनी फुटते, कंपनी बुडते. बँडसाठी हीच भाषा वापरावी. आणि क्वीनच्या बाबतीत ‘काढला’पेक्षाही ‘जमला’ नेमका आहे, कारण तो खरोखरच एकेक माणूस करत जमला.

१९६८ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात भौतिकशास्त्र शिकणारा ब्रायन मे आणि त्याचा मित्र टिम स्टॅफेल यांना ड्रमर हवा होता. मेने कॉलेजच्या फलकावर चिठ्ठी लावली. ती चिठ्ठी रॉजर टेलरपर्यंत पोचली. तो लंडनमध्येच दंतवैद्यक शिकत होता. तिघांनी स्माइल नावाचा बँड काढला. स्टॅफेल ईलिंगच्या कला महाविद्यालयात शिकायचा आणि तिथला त्याचा दोस्त फ्रेडी बुलसारा (पुढचा फ्रेडी मर्क्युरी) स्माइलचे कार्यक्रम ऐकायला यायचा. फ्रेडी तेव्हा दुसऱ्या बँडांत गात होता, आणि केन्सिंग्टन मार्केटमध्ये टेलरबरोबर जुन्या कपड्यांचा गाळा चालवत होता. १९७० मध्ये स्टॅफेल बाहेर पडला आणि त्याच्या जागी फ्रेडी आला. (स्माइल ‘फुटला’ असं मात्र लिहू नका. मराठीत हसू फुटतं, आणि वाचणारा तिकडेच जाईल. ‘मोडला’ लिहा.) क्वीन हे नाव फ्रेडीचं. मे आणि टेलर यांच्या मनात दुसरी नावं होती, पण त्याने आपलं नाव लावून धरलं.

तरीही जमणं पुरं झालं नव्हतं. २७ जून १९७० ला कॉर्नवॉलमधल्या ट्रुरो गावी, टेलरच्या आईने रेडक्रॉससाठी ठरवलेल्या कार्यक्रमात हे लोक फ्रेडीसह उभे राहिले. कार्यक्रम ठरला होता स्माइलच्या नावावर. बेस गिटार वाजवायला माइक ग्रोस होता. त्याच्यानंतर बॅरी मिचेल आला, मग डग बोगी. १९७१ च्या सुरुवातीला इलेक्ट्रॉनिक्स शिकणारा १९ वर्षांचा जॉन डीकन आला, आणि तो राहिला. मग ‘स्थापना’ कधीची धरायची? नाव १९७० चं, चौकडी १९७१ ची. ‘जमला’ म्हटलं की दोन्ही सनांना न्याय मिळतो, म्हणून मी त्या क्रियापदाचा आग्रह धरतो.

आणखी एक क्रियापद या बँडला अगदी लागू पडतं: ‘घरी बनवणे’. मेची गिटार त्याने आणि त्याच्या वडिलांनी १९६३ पासून दोनेक वर्षं खपून घरी बनवली. मान जुन्या शेकोटीच्या महागनी लाकडाची. सूर लवचिक करणाऱ्या दांडीला आईची विणायची सुई, तिच्या यंत्रणेत मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, बोटांच्या जागा दाखवायला शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. तारा छेडायला प्लास्टिकची पट्टी न वापरता तो सहा पेन्सचं नाणं वापरतो. नाण्याची कड दातेरी असल्यामुळे तारेवर तो किंचित खरखरीत आवाज येतो. डीकननेही पुढे रस्त्याकडेच्या कचऱ्यात सापडलेल्या सर्किटवरून एक लहानसा अँप्लिफायर जोडला, आणि तो क्वीनच्या ध्वनिमुद्रणांत वापरला गेला. पहिल्या अल्बमच्या वेष्टनावर कुणीही सिंथेसायझर वाजवलेला नाही असं त्यांनी मुद्दाम छापलं, ते या कारागिरीच्या अभिमानापोटी. पियानो, गिटार आणि गळे यांतूनच सगळे आवाज काढले आहेत हे ऐकणाऱ्याला कळावं, ही त्यांची धडपड होती.

पहिल्या अल्बमपाशी येताना एक अडचण येते: त्याचं नावही ‘क्वीन’च. बँड पुल्लिंगी, अल्बम पुल्लिंगी, तेव्हा ‘क्वीन १९७३ मध्ये आला’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. इथे लिंग मदतीला येत नाही, म्हणून सामान्यनाम उघड लिहा: ‘क्वीन हा पहिला अल्बम १३ जुलै १९७३ ला आला.’ तो यायला उशीर का झाला तेही लेखात जरूर सांगा. ट्रायडंट या लंडनच्या स्टुडिओने त्यांना करारात घेतलं, पण ध्वनिमुद्रणाला वेळ मिळायचा तो पैसे भरणाऱ्या गायकांची कामं आटोपल्यावर उरलेला, बरेचदा रात्रीचा. अल्बम तयार झाला तरी तो बाजारात आणणारी कंपनी मिळेना. अखेर ईएमआयने तो काढला. विक्री बेताची झाली. त्याच वर्षाअखेर मॉट द हूपल या बँडच्या दौऱ्यात त्यांच्या आधी वाजवायचं काम मिळालं. फेब्रुवारी १९७४ मध्ये बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या गाण्यांच्या टीव्ही कार्यक्रमात ऐनवेळी जागा रिकामी झाली आणि क्वीनला बोलावणं आलं. मार्चमधला दुसरा अल्बम ब्रिटनमध्ये पाचव्या क्रमांकावर गेला. अमेरिकेचा दौरा मात्र मेला कावीळ झाल्याने अर्ध्यावर सोडावा लागला.

शेवटच्या वाक्यातलं ‘मेला’ पाहिलंत? हे आडनाव मराठीत नाजूक आहे. ‘मेने’, ‘मेची’ इथवर भागतं, पण चतुर्थी आली की अनर्थ होतो. तिथे ‘ब्रायनला’ किंवा ‘ब्रायन मे याला’ लिहावं. वर ते तसंच ठेवलं, कारण नियम सांगण्यापेक्षा डोळ्यांना बसलेली ठोकर जास्त लक्षात राहते.

‘बँड’ला पर्याय शोधू नका, असंही सुचवतो. पथक म्हटलं की ढोल-ताशे ऐकू येतात, वाद्यवृंद म्हटलं की सिनेमाची गाणी सादर करणारा ऑर्केस्ट्रा दिसतो. बँड हा शब्द लग्नाच्या वरातीतून आपल्याकडे केव्हाच रुळला आहे. फक्त ‘क्वीनचा बँड वाजला’ असं लिहू नका. त्याचा मराठीत अर्थ वेगळाच होतो.

मूळ वाक्यात आणखी दोन गोष्टी बदलेन. ‘त्यांनी त्यांचा’ यातला दुसरा ‘त्यांचा’ इंग्रजीतून आलेला आहे. कर्त्याचीच वस्तू असेल तर मराठीला ‘आपला’ पुरतो. आणि बँड एकवचनी ठेवला की पुढे ‘त्याने’ म्हणणं अवघड वाटतं, तर सरळ माणसं आणा: ‘क्वीन १९७० मध्ये लंडनमध्ये जमला, आणि १९७३ मध्ये चौघांनी आपला पहिला अल्बम काढला.’ पहिल्या अर्ध्यात बँड, दुसऱ्या अर्ध्यात माणसं. मराठी वाक्य असं सहज वळतं.

फ्रेडीला एकेरी लिहावं की आदरार्थी, हे विचारलेलं नाही, पण लिहायला बसल्यावर अडेलच. मी त्या वर्षांतल्या चौघांनाही एकेरीच लिहीन. विशीतली पोरं आहेत ती, आणि आवडत्या कलावंताला आपण लाडाने एकेरीच हाक मारतो. फ्रेडीच्या बाबतीत तर आपली जवळीक जास्त: झांझिबारला जन्मलेला हा पारशी मुलगा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात राहून शिकला, आणि शाळेतल्या हेक्टिक्स नावाच्या बँडमध्ये तो पियानो वाजवायचा. (हेक्टिक्स ‘वाजवायचे’, तिथे अनेकवचन.) त्याचं बुलसारा हे आडनाव गुजरातेतल्या बुलसारवरून, म्हणजे आजच्या वलसाडवरून आलेलं, आपल्या ‘कर’सारखंच गावाचं आडनाव. मर्क्युरी हे त्याने १९७० च्या सुमारास स्वतः घेतलं. म्हणून १९७० आधीच्या प्रसंगांत ‘फ्रेडी बुलसारा’ लिहा, ‘मर्क्युरी’ नको. ब्रायन मे यांचा २००७ मधला पीएचडीचा प्रसंग लेखात आलाच, तर तिथे मात्र ‘मे यांनी’ असा आदर हवा.

राहता राहिलं एक नाव. पहिल्या अल्बमच्या वेष्टनावर बेस वाजवणाऱ्याचं नाव ‘डीकन जॉन’ असं उलटं सापडेल. तो मुद्रणदोष नाही. तेव्हा ते तसंच छापायचं ठरलं होतं. दुसऱ्या अल्बमपासून जॉन डीकन असं सरळ छापलं गेलं. तुमच्या लेखात सगळीकडे ‘जॉन डीकन’ ठेवा, आणि वेष्टनाचा उल्लेख करणार असाल तरच उलटं नाव अवतरणात द्या.