पेठेतल्या वाड्यातलं जुनं फर्निचर आणि सही असलेलं पोस्टर लिलावात द्यायचंय, आधी काय करू?

तुमच्या प्रश्नात शेवटी लिहिलंय की सोमवारी पॉलिशवाला येतोय. आधी त्याला फोन करा आणि येऊ नको म्हणून सांगा. बाकीचं सावकाश वाचा.

मला समजलं ते असं, की शनिवार पेठेतला तुमच्या आजोबांचा वाडा दोन महिन्यांनी बिल्डरच्या ताब्यात जातोय, त्यात इराणी हॉटेलात असायच्या तशा वाकवलेल्या लाकडाच्या चार खुर्च्या आहेत, एक लांब हातांची शिसवी आरामखुर्ची आहे, आणि आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींची सही असलेलं एका व्याख्यानाचं पोस्टर आहे. कोथरूडच्या फ्लॅटमधे जागा नाही, भंगारात द्यायला जीव होत नाही, म्हणून लिलाव. आणि या वस्तू कुठून आल्या हे आता फक्त तुमच्या ८४ वर्षांच्या आत्यांना माहीत आहे. हे शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे, त्यावर येतोच.

मी डीलर नाही. बँकेत नोकरी केली आणि गेली बावीस वर्षं खुर्च्या गोळा करतोय, मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवार-रविवार जाऊन जाऊन सवय लागली. त्यातल्या पंधरा-सोळा वस्तू लिलावात विकल्यात, काही चांगल्या गेल्या, काही तशाच परत घरी आल्या.

पॉलिश का नको ते सांगतो. कॅम्पातलं एक इराणी हॉटेल बंद झालं तेव्हा मी सहा खुर्च्या घेतल्या होत्या. चार खुर्च्या पॉलिशला दिल्या, दोन आईच्या स्वैपाकघरात तशाच राहिल्या कारण ती त्यावर डबे ठेवायची. पॉलिशवाल्याने इमानेइतबारे काम केलं, सीटच्या गोल कड्याला आतून-बाहेरून पॉलिश पेपर मारला आणि मेलामाईनचा हात दिला, चकचकीत झाल्या. वर्षभराने आईकडची खुर्ची उलटी केली तर कड्याच्या आतल्या बाजूला कंपनीचा दाबून मारलेला शिक्का आणि अर्धा फाटलेला कागदी लेबलाचा तुकडा. म्हणजे बाकीच्या चारांवरही असणार होता. लिलावात त्या चार 'त्या धाटणीच्या' म्हणून लागल्या आणि आईकडच्या दोन कंपनीच्या नावाने लागल्या. दोघींना मिळून त्या चारांपेक्षा जास्त आले. ते लेबल कचऱ्यात गेलं याचं मला आजही फार वाईट वाटतं.

या खुर्च्यांची गोष्ट मोठी आहे. व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीने १८५९ साली १४ नंबरची खुर्ची काढली, बीचचं लाकूड वाफेवर मऊ करून वाकवायचं, सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट, बस. सुट्या भागांच्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावायच्या, म्हणून जहाजाने जगभर गेल्या आणि आपल्याकडच्या इराण्यांपर्यंत पोचल्या. पण १८६९ मधे पेटंट संपलं आणि मग कोणीही बनवायला लागलं, त्यामुळे आकार बघून 'थोनेट आहे' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. खुर्ची उलटी करा, टॉर्च लावा, कड्याच्या आत बघा. शिक्क्यात देशाचं नाव असेल तर अजून सोपं, चेकोस्लोव्हाकिया लिहिलं असेल तर १९१८ च्या आधीची असूच शकत नाही कारण तो देशच तेव्हा झाला. स्क्रूकडे पण बघा, एका चिरेचा आहे की अधिक चिन्हाचा, अधिकवाले स्क्रू १९३० च्या दशकापासूनचे, अर्थात नंतर कोणी बदललेला असू शकतो म्हणून एका स्क्रूवरून निकाल लावू नका. बीचला कीड फार लागते, बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा पडत असेल तर ती खुर्ची बाकीच्यांपासून लांब ठेवा आणि लिलाववाल्यांना आधीच सांगा.

आरामखुर्चीचं लाकूड शिसवी आहे का काळं पॉलिश मारलेलं सागवान आहे हे आधी बघा. खालच्या बाजूला जिथे कधीच पॉलिश लागलं नाही तिथले रेषे बघा आणि एका बाजूने उचलून बघा, शिसवी सागापेक्षा चांगलंच जड असतं. पॉलिश जुनं आहे का हे बघायला न दिसणाऱ्या कोपऱ्यात कापसावर थोडं स्पिरिट घेऊन दाबा, चिकट झालं तर चपडा लाखेचं जुनं पॉलिश, आणि ते असेल तर फारच छान कारण ते जाणकाराला नंतर हलक्या हाताने सुधारता येतं. वेत फाटला असेल तरी आत्ता विणून घेऊ नका. फक्त कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसा.

आता आत्यांचं. काही वर्षांपूर्वी नारायण पेठेतल्या एका आजींकडून मी शिसवी कपाट घेतलं. त्याच्या दारांवर जमिनीपासून साधारण चार फुटांवर एक फिकट आडवी रेघ होती, पानशेतच्या पुराची, १२ जुलै १९६१. त्यांच्या मुलाला ती काढून टाकायची होती, आजी म्हणाल्या नको, ती रेघ आहे म्हणूनच मला तो दिवस आठवतो. मग त्या सांगत बसल्या, कपाट कोणी करून घेतलं, सुताराला जेवायला काय वाढायचे, पुराचं पाणी शिरलं तेव्हा आतली कागदपत्रं कोणी माळ्यावर नेली. मी फोनवर रेकॉर्ड केलं, अकरा मिनिटं, नंतर ते टाईप करून त्यांना वाचून दाखवलं आणि खाली त्यांची सही आणि तारीख घेतली. पुढच्या दिवाळीच्या आत आजी गेल्या. ते कपाट मी विकलेलं नाही आणि विकणारही नाही, पण लिलाव करणाऱ्या एका बाईंनी तो कागद वाचून मला सांगितलं की असा कागद सोबत असेल तर आम्ही कॅटलॉगमधे अर्धं पान जास्त देतो. लिलावात ज्याला प्रॉव्हेनन्स म्हणतात ते हेच, वस्तू कोणाच्या हातातून कोणाकडे गेली याचा माग. पावती, जुना फोटो ज्यात आजोबा त्याच खुर्चीत बसलेत, पत्र, वाटणीचा कागद, काहीही चालतं. पुण्यात वाडे पडतायत आणि वस्तू मुंबईला चोर बाजारात जातायत तेव्हा नेमका हा माग तुटतो, एकदा टेम्पोत चढली की ती खुर्ची कुठल्याही गावची होते.

पोस्टरबद्दल. दोशी जन्माने पुण्याचेच, १९२७ चे, आणि घरचा धंदा फर्निचरचा, म्हणून त्यांची सही असलेला कागद पेठेतल्या वाड्यात निघावा याचं मला मनापासून अप्रूप वाटलं. पॅरिसला ल कॉर्ब्युझिए या नामांकित आर्किटेक्टकडे काम केलं, २०१८ ला प्रित्झकर हे आर्किटेक्चरमधलं मोठं पारितोषिक मिळालं, २०२३ च्या जानेवारीत गेले. प्रित्झकरनंतर त्यांच्या सहीला मागणी आली आणि मागणी आली की नकलाही येतात. भिंग घ्या, दहापट मोठं दाखवणारं, आणि सही बघा. छापलेली असेल तर बारीक ठिपक्यांची जाळी दिसेल, पेनाची असेल तर शाईची सलग रेघ दिसेल, बॉलपेन असेल तर कागदाला मागून उठाव लागेल. खाली कोणाच्या नावे 'सप्रेम' लिहिलं असेल तर लोक म्हणतात किंमत कमी होते, मला तसं वाटत नाही, ते नाव जर तुमच्या आजोबांचं असेल तर त्याहून चांगला पुरावा कुठला. आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका, आपल्याकडे मार्कशीटपासून कुंडलीपर्यंत सगळं लॅमिनेट करायची सवय आहे, कागद त्यातून परत सुटत नाही. सेलोटेप पण नको, उन्हात टांगणं पण नको, स्केच पेनची शाई उडते. अहमदाबादला वास्तुशिल्प फाउंडेशन आहे, दोशींचं काम तिथे जपलंय, त्यांना दोन्ही बाजूंचे फोटो पाठवून विचारून बघा. पैशांचं म्हणाल तर खरं सांगतो, आपल्याकडे पेंटिंगचा बाजार मोठा आहे, अमृता शेरगिलचं एक चित्र २०२३ मधे ६१.८ कोटींना गेलं, पण आर्किटेक्टच्या सहीच्या पोस्टरचे गिऱ्हाईक मोजके आहेत. हाताने काढलेलं स्केच असेल तर वेगळी गोष्ट.

लिलाव बहुतेक मुंबईतल्या लिलावगृहातूनच करावा लागेल, सॅफ्रनआर्ट, पंडोल, अस्तागुरू अशा ठिकाणी फर्निचर आणि डिझाइनच्या वस्तू येतात. आधी फोटो पाठवायचे, ते अंदाजे किंमत सांगतात, मग करार. करारात रिझर्व्ह म्हणजे ज्याच्या खाली विकायचं नाही तो आकडा लिहून घ्या, आणि तो फार चढा ठेवू नका कारण वस्तू न विकता परत आली की पुढची दोन-तीन वर्षं तिच्याकडे लोक संशयाने बघतात. हातोडा पडतो तो आकडा तुमच्या हातात येत नाही. समजा १,००,००० ला गेली आणि तुमचं कमिशन १० टक्के ठरलं तर ९०,०००, त्यातून फोटो, इन्शुरन्स, वाहतूक वजा. घेणारा वरून प्रीमियम भरतो ते वेगळं, ते लिलावगृहाचं. वाहतुकीचा विमा पुण्यातल्या दारापासून आहे की त्यांच्या गोडाऊनपासून हे विचाराच, माझ्या एका खुर्चीचा हात एक्सप्रेसवेवर मोडला आणि विमा गोडाऊनपासून होता, भरपाई शून्य.

कायद्याचं थोडं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांची मर्यादा आहे आणि इमारतीतून काढलेली वस्तूही त्यात येते, म्हणजे वाड्याचे कोरीव खांब किंवा तुळई वयाने बसत असतील तर ते नुसतं जुनं लाकूड राहत नाही. देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि त्यांचा धंदा करायला लायसन लागतं. म्हणून बिल्डरच्या करारात काय तुम्ही काढून घेणार ते नावानिशी लिहा, नाहीतर सगळं घनफुटावर टिंबर मार्केटला जाईल. कशावर हस्तिदंताची नक्षी असेल तर ती विकायच्या भानगडीत अजिबात पडू नका, वन्यजीव कायदा कडक आहे. टॅक्समधे घरात वापरलेली खुर्ची वैयक्तिक वस्तू धरतात पण चित्रं आणि ड्रॉइंग त्या सवलतीत येत नाहीत, सीएला दाखवा.

तुम्ही चंदीगडच्या खुर्च्यांचं उदाहरण दिलंय की तिकडे भंगारातल्या खुर्च्या परदेशात लाखोंना जातात तर आपल्या का नाही. त्या पियर जानरे या आर्किटेक्टने तिथल्या सरकारी कचेऱ्यांसाठी केलेल्या, मागच्या पट्टीवर कुठल्या इमारतीची, कितवी हे रंगाने लिहिलेलं असायचं आणि गिऱ्हाईक आधी तेच बघतं. शेकड्यांनी भंगारात गेल्या, २०११ मधे केंद्र सरकारने विक्री आणि निर्यातीवर बंदी घातली तोवर चांगला माल बाहेर पोचला होता. आणि आता ते आकडे रंगवून देणारेही आहेत.

तर सोमवार रद्द करा आणि या रविवारी आत्यांकडे जा. खुर्च्यांचे फोटो मोबाईलवर मोठे करून न्या, एकेक दाखवा, मधे बोलू नका, रेकॉर्डिंग चालू ठेवा. हॉटेल कुठलं होतं, कोणत्या साली आणल्या, दोशींच्या व्याख्यानाला आजोबा कोणाबरोबर गेले होते एवढं निघालं तरी खूप. खुर्च्यांच्या कड्याच्या आतले फोटो इथेच खाली टाका, शिक्का दिसला तर मी वाचायला मदत करीन.