डिटेन्शनमध्ये अडकलेल्या भावाकडे आत लक्ष कोण देतं?

प्रश्न : ताई नमस्कार, माझा आतेभाऊ व्हिसा संपल्यावर इंग्लंडलाच राहिला, आता सहा आठवडे झाले तो तिथल्या डिटेन्शन सेंटरात आहे. फोनवर नुसता रडतो, झोप लागत नाही म्हणतो, परवा तर म्हणाला जगून काय करू. आत्या इकडे जेवत नाहीये. आतल्या डॉक्टरांवर कोणाचं लक्ष असतं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दादा, आधी सेंटरला फोन लावा, बाकीचं नंतर वाचा. तो जे बोलला ते जसंच्या तसं सांगा, कोणाशी बोललात आणि किती वाजता ते लिहून ठेवा. जिवाचा धोका दिसला की स्टाफने एसीडीटी नावाची देखरेख सुरू करायची असते.

पण ही देखरेख म्हणजे नुसती नजर. खरी गरज आहे ती रूल ३५ च्या रिपोर्टची. डिटेन्शन सेंटरांच्या २००१ च्या नियमांत आहे हे, कोठडीने तब्येत बिघडतेय किंवा आत्महत्येची शंका आहे किंवा आधी छळ झालेला असू शकतो असं वाटलं तर डॉक्टरने ते लेखी कळवायचं, आणि मग होम ऑफिसला, म्हणजे तिथल्या गृहखात्याला, त्याला आत ठेवायचं का याचा पुन्हा विचार करावा लागतो. आता पंचाईत अशी की डॉक्टरने लिहिलंच नाही तर पुढे काहीच हलत नाही. लंडनच्या गॅटविक विमानतळाजवळच्या ब्रुक हाऊस या डिटेन्शन सेंटरची चौकशी झाली, चौकशीच्या प्रमुख केट ईव्हज यांचा अहवाल सप्टेंबर २०२३ मध्ये आला, त्यात २०१७ चे जे पाच महिने तपासले त्यात आत्महत्येच्या शंकेचा असा एकही रिपोर्ट निघाला नव्हता. माणसं स्वतःला इजा करून घेत होती तरी! वाचून माझाच जीव कळवळला. म्हणून भावाला सांगा, 'मला रूल ३५ साठी डॉक्टरांना भेटायचंय' असं त्याने स्वतः लेखी मागावं, आणि इंग्रजीत मन मोकळं होत नसेल तर दुभाषा मागावा, लाजू नये.

लक्ष ठेवायला तुरुंग निरीक्षक आणि केअर क्वालिटी कमिशन, म्हणजे आरोग्यसेवा तपासणारी संस्था, आहेत, पण ते काही वर्षांतून एकदा तपासणीला येणार. तुमच्या कामाचं आयएमबी, म्हणजे इंडिपेन्डन्ट मॉनिटरिंग बोर्ड, हे स्वयंसेवक सेंटरात नेहमी येतात, त्याने त्यांच्या पेटीत चिठ्ठी टाकावी. उपचाराची तक्रार आधी तिथल्याच हेल्थकेअर विभागाकडे, दाद नाही लागली तर हेल्थ ऑम्बुड्समनकडे, म्हणजे आरोग्यसेवेच्या तक्रारी पाहणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे. मेडिकल जस्टिस नावाची संस्था बाहेरचे स्वतंत्र डॉक्टर पाठवते, त्यांनाही आजच कळवा.

आणि वकील. सेंटरात अर्धा तास फुकट सल्ला मिळतो, त्यात जामिनाचं विचारायला सांगा, कारण तिथे कोठडीला मुदतच नाही, ब्रुक हाऊसच्या अहवालाने जास्तीत जास्त २८ दिवसांच्या मुदतीची शिफारस केली होती ती सरकारने मानली नाही. 'किती दिवस' हे माहीत नसणं माणसाला आतून खातं, त्यामुळे रोज एका ठरलेल्या वेळी फोन करा, आत्यालाही बोलू द्या.