प्राध्यापकांना प्रशिक्षण देणारी ‘ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजे’ विद्यापीठांत कशी सुरू झाली? नव्याने रुजू झालेल्या सहायक प्राध्यापकाला तिथे काही शिकायला मिळते, की तो केवळ पदोन्नतीचा सोपस्कार आहे?

आपल्याकडे प्राथमिक शाळेत शिकवायला डी.एड. लागते, माध्यमिक शाळेत बी.एड. लागते; महाविद्यालयात मात्र पदव्युत्तर पदवी आणि नेट-सेट किंवा पीएच.डी. असली की माणूस थेट वर्गात उभा राहतो. विषय येतो त्याला शिकवताही येते, हे गृहीतक फार जुने आहे. ते चुकीचे असल्याची जाणीव धोरणकर्त्यांनाही होती. प्रा. रईस अहमद यांच्या अध्यक्षतेखालील, उच्च शिक्षणातील अध्यापकांविषयीच्या राष्ट्रीय आयोगाने 1980च्या दशकाच्या पूर्वार्धात हा विषय हाताळला, 1986च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अध्यापकांच्या सेवांतर्गत प्रशिक्षणावर भर दिला आणि त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने 1987मध्ये ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजांची योजना आणली. पहिल्या टप्प्यात देशभरातील 48 संस्थांना मान्यता मिळाली. प्रत्येक केंद्र एखाद्या विद्यापीठाच्या आवारात, पैसा आयोगाचा आणि कार्यक्रमाची चौकटही आयोगाचीच, अशी ही रचना होती.

नव्या अध्यापकांसाठी चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग आणि नंतर आपापल्या विषयाचा तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग, असे त्याचे दोन मुख्य भाग होते. बोलताना आपण त्यांना ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर म्हणतो. उद्बोधन वर्गाचे 144 तास ठरवलेले होते आणि त्यांत समाज व शिक्षण यांचा संबंध, शिक्षणाचे तत्त्वज्ञान व अध्यापनशास्त्र, माहितीच्या साधनांची ओळख, व्यवस्थापन व व्यक्तिमत्त्वविकास असे चार घटक होते. वर्ग सर्व विद्याशाखांचा मिळून असे, आणि माझ्या मते त्याचे सर्वांत मोठे बळ तेच होते. माझ्या उद्बोधन वर्गात सूक्ष्म अध्यापनाच्या, म्हणजे सहकाऱ्यांसमोर घेतलेल्या छोट्या सराव पाठाच्या, वेळी रसायनशास्त्राच्या एका सहकाऱ्याने मराठी आणि वाणिज्यच्या अध्यापकांसमोर रासायनिक बंध म्हणजे काय हे समजावून सांगितले. त्यावर आलेल्या शंका त्याला त्याच्या विद्यार्थ्यांनी कधीच विचारल्या नव्हत्या, कारण विद्यार्थी न समजताही गप्प बसतात. स्वतःचे शिकवणे दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहण्याची संधी महाविद्यालयीन अध्यापकाला एरवी मिळतच नाही.

तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे मूळ या योजनेच्या जन्मातच आहे. वरिष्ठ श्रेणी आणि निवड श्रेणीच्या स्थाननिश्चितीसाठी, म्हणजे वरच्या वेतनश्रेणीत जाण्यासाठी, हे वर्ग आवश्यक ठरवले गेले. तसे केले नसते, तर प्राचार्यांनी ऐन सत्रात महिनाभर अध्यापकाला कार्यमुक्त केले असते असे मला वाटत नाही. म्हणजे या अटीमुळेच केंद्रे भरली, हे मान्य करावे लागते. पण त्याच अटीमुळे ‘काय शिकलात’ याऐवजी ‘प्रमाणपत्र मिळाले का’ हा प्रश्न महत्त्वाचा झाला. आणखी एक परिणाम मला अधिक गंभीर वाटतो. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांना स्थाननिश्चिती नाही आणि पगारी रजाही नाही. वर्गाला गेले तर तेवढ्या तासिकांचे मानधन बुडते. ज्यांच्यावर अध्यापनाचा मोठा भार आहे, त्यांच्यापर्यंत प्रशिक्षण सर्वांत कमी पोहोचते.

वेगळा मार्ग शक्य होता. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने 1962मध्ये अध्यापन-संशोधनाचे स्वतःचे केंद्र उभारले. तिथे अध्यापक स्वेच्छेने जातो आणि त्याने घेतलेला सल्ला गोपनीय राहतो. सत्राच्या मध्यावर केंद्राचा सल्लागार वर्गात येतो, अध्यापक बाहेर गेल्यावर विद्यार्थ्यांशी बोलतो आणि त्यांचे म्हणणे अध्यापकाला सांगतो, म्हणजे उरलेल्या सत्रात शिकवणे सुधारता येते. आपल्या केंद्रांत अध्यापक स्वतःचा वर्ग सोडून येतो. तो परत गेल्यावर तिथे काय बदलले, हे पाहण्याची सोय मूळ योजनेत ठळकपणे नव्हती. मला ही तिची मुख्य उणीव वाटते.

पुढचा इतिहास बराचसा नामांतरांचा आहे. 2015मध्ये या केंद्रांचे नाव मानव संसाधन विकास केंद्र झाले. महाराष्ट्रात पुणे, मुंबई, नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांत ती होती, तसेच गोवा विद्यापीठातही. उद्बोधन वर्गाच्या जागी ‘गुरुदक्षता’ हा महिनाभराचा प्रारंभिक कार्यक्रम आला, उजळणी वर्ग दोन आठवड्यांवर आला, करोनाकाळात सगळेच ऑनलाइन गेले, आणि 2023मध्ये मालवीय मिशन हा अध्यापक-प्रशिक्षणाचा नवा कार्यक्रम सुरू होऊन 111 केंद्रांचे जाळे झाले. ऑनलाइन वर्गामुळे लहान मुले असलेल्या अध्यापिकांना आणि दूरच्या तालुक्यांतील सहकाऱ्यांना मोठी सोय झाली, ती नाकारू नये. मात्र कॅमेरा बंद ठेवून ऐकलेल्या व्याख्यानातून अध्यापनकौशल्य येत नाही.

तुम्ही नुकतेच रुजू झाला आहात, म्हणून निवडीला वाव असेल तर पहिला कार्यक्रम प्रत्यक्ष उपस्थितीचा घ्या आणि अर्ज करण्यापूर्वी वेळापत्रक मागवून त्यात सूक्ष्म अध्यापनाला किती तास दिले आहेत ते पाहा. परतल्यावर एखाद्या ज्येष्ठ सहकाऱ्याला आपल्या तासाला मागच्या बाकावर बसण्याची विनंती करा. त्यासाठी कोणत्याही परिपत्रकाची गरज नाही.