यात विमान कुठे आहे?

‘मॅडम, सांगितलं तर करिअर संपेल आणि नाही सांगितलं तर झोप लागत नाही.’

मी समुपदेशक आहे. शब्द इकडेतिकडे होतात, पण हे वाक्य मी सतत ऐकते. चुकीचं औषध सिरिंजमध्ये भरल्यावर ऐनवेळी लक्षात आलेली नर्स, भलत्याच खात्यात एन्ट्री मारून बसलेला बँकेतला प्रोबेशनर, सीएची आर्टिकलशिप करणारा मुलगा. सगळे नवे, सगळे हुशार. आणि आपल्यासमोर दोनच रस्ते आहेत, गप्प बसा नाहीतर संपा, अशी सगळ्यांची पक्की समजूत. म्हणून एका मुलीबद्दल सविस्तर लिहिते. तिला मधुरा म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मधुरा एका फ्लाइंग स्कूलमध्ये असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टर होती. शिकवायचं रेटिंग मिळून जेमतेम काही महिने झालेले. उड्डाणाचे तास साठवायचे आणि एअरलाइनचा दरवाजा ठोठवायचा, असा या मुलांचा हिशेब असतो. तिच्या सीपीएलसाठी, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी, घरच्यांनी राहतं घर तारण ठेवून कर्ज काढलं होतं.

त्या दिवशी विद्यार्थी सेसना 172 हे छोटं विमान उतरवत होता. त्याने फ्लेअर फार वर केला, म्हणजे विमानाचं नाक उचलायची घाई केली. विमान वरूनच आपटलं आणि उसळलं. घाबरून त्याने योक, म्हणजे नाक वर-खाली करायचं हँडल, पुढे ढकललं. मधुरा ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणाली खरी, पण तोवर दुसऱ्यांदा टेकताना नोजव्हील आधी लागलं होतं. तिने पॉवर दिली, गो-अराउंड केला, म्हणजे न उतरता विमान पुन्हा वर नेलं, आणि पुढचं लँडिंग स्वतः केलं. खाली उतरल्यावर विमानाभोवती चक्कर मारली, प्रोपेलरची टोकं पाहिली. सगळं ठीक दिसलं. पुढचा विद्यार्थी हेडसेट घेऊन उभाच होता. टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, तिने काही लिहिलं नाही.

‘दोन सेकंद उशीर झाला, मॅडम,’ ती म्हणाली. ‘फक्त दोन सेकंद.’

या दोन सेकंदांबद्दल तिच्याकडूनच मी बरंच शिकले. विद्यार्थ्याला चुकू दिलं नाही तर तो शिकत नाही. प्रत्येक हेलकाव्याला इन्स्ट्रक्टरने कंट्रोल घेतला, तर सोलोला एकट्याने जायची हिंमत त्याच्यात येणार कुठून? आणि चुकू दिलं तर किती? ती रेघ अनुभवानेच कळते. नवे इन्स्ट्रक्टर आधी फार लवकर हात घालतात, मग कोणीतरी टोकलं की फार उशिरा. मधुराचा उशीर हा तिच्या स्वभावातला दोष नव्हता, नवखेपणा होता. न लिहिणं मात्र वेगळं. ते तिने ठरवून केलं होतं, आणि हा फरक मी तिच्यापाशी कधी पुसट होऊ दिला नाही.

समुपदेशक म्हटल्यावर ‘तुला काय वाटलं?’ असं मी विचारेन, अशी तिची अपेक्षा असावी. मी विचारलं, ‘ते विमान आत्ता कुठे आहे?’

‘हँगरमध्ये. हंड्रेड आवर्स इन्स्पेक्शनला लागलंय. परवा बाहेर येईल.’

‘मधले दिवस उडालं?’

तिने होकारार्थी मान हलवली.

माझ्या खोलीतलं बोलणं खोलीबाहेर जात नाही. पण दुसऱ्याच्या जिवाशी गाठ पडते तिथे ही हमी संपते, हे मी प्रत्येकाला पहिल्याच भेटीत सांगते. तिलाही सांगितलं होतं. ‘मग इंजिनिअरला आत्ता फोन कर. रडायचं ते नंतर रडू.’ ती पॅसेजमध्ये गेली आणि पाच मिनिटांत परत आली. इंजिनिअर एवढंच म्हणाले होते, ‘बरं झालं सांगितलंस. नोज स्ट्रट आणि फायरवॉल नीट बघतो.’ या विमानाचा पुढचा गिअर, म्हणजे पुढचं चाक आणि त्याचा दांडा (नोज स्ट्रट), इंजिनमागच्या पत्र्याच्या भिंतीला, फायरवॉलला, जोडलेला असतो. नाकावर आपटलं तर तिथला पत्रा दुमडू शकतो आणि बाहेरून एक चक्कर मारून ते दिसेलच असं नाही. मधुराला हे चांगलं ठाऊक होतं.

तोंडी झालं. लेखी रिपोर्ट आणि सीएफआय, म्हणजे चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टर, यांना तोंड देणं बाकी होतं. तिथे गाडी अडली.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांची. घटना माणसाला जेवढी छळते, त्याहून जास्त त्याने स्वतःवर लादलेली सक्ती छळते, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता त्यावर वाद घालत नाही. मधुराची सक्ती शोधायला फार खणावं लागलं नाही. वडील एसटीत होते, निवृत्त झाले. घरात कोणी पाहुणा आला की एक वाक्य ठरलेलं, ‘अख्ख्या नोकरीत एक मेमो नाही.’ ते ऐकतच मुलगी मोठी झाली. चांगल्या माणसाला मेमो मिळत नाही, हा नियम तिला कोणी शिकवला नव्हता, तिने तो आपणहून काढला होता.

‘विद्यार्थ्याचं लँडिंग चुकलं. तो नालायक आहे?’

‘नाही. शिकतोय.’

‘आणि तू?’

‘मी इन्स्ट्रक्टर आहे.’

‘म्हणजे शिकणं संपलं?’

डोक्याला पटलं, पण हात लिहीना. दोन-तीन भेटी अशाच गेल्या. मग मी म्हटलं, जमेल तसा कच्चा रिपोर्ट लिहून आण.

तिने आणला. दीड पान. ‘माझ्या अक्षम्य हलगर्जीपणामुळे’ इथून सुरुवात, मग ‘संस्थेचा विश्वासघात’, मग ‘पुन्हा कधीही होणार नाही’ आणि शेवटी भवितव्याचा सहानुभूतीने विचार व्हावा ही विनंती. मी दोनदा वाचलं.

‘मधुरा, यात विमान कुठे आहे?’

‘म्हणजे?’

‘कोणतं चाक आधी टेकलं? वारा कुठून होता? मी इंजिनिअर असते तर या दीड पानावरून कुठला पाना हातात घ्यायचा तेही कळलं नसतं.’

ती हसली. माझ्याकडे आल्यापासून पहिल्यांदा. मग कागद उलटा केला, माझ्याच टेबलावरचं पेन घेतलं आणि न थांबता लिहीत गेली. उजवीकडून क्रॉसविंड. फायनलला वेग 65 नॉट्स. फ्लेअर अंदाजे दहा फुटांवर. पहिला टचडाउन मेन व्हील्सवर, जोरात. उसळी. विद्यार्थ्याने योक पुढे ढकललं. दुसरा टचडाउन नोजव्हीलवर. मी त्यानंतर कंट्रोल घेतला. गो-अराउंड. टेक लॉगमध्ये मी नोंद केली नाही. त्यानंतर त्याच विमानाच्या इतर सॉर्टी झाल्या.

दीड पानात ‘मी’ आणि ‘माझ्या’ मोजवत नव्हते. या बारा ओळींत ‘मी’ दोनदा होता आणि दोन्ही वेळा हवा तिथेच होता.

शरमेला आपणच मधोमध लागतो. माफीनाम्यात आपण किती वाईट, किती दुःखी, आपलं पुढे काय होणार, एवढंच असतं आणि तो साहेबांसाठी लिहिलेला असतो. रिपोर्ट लिहायचा असतो उद्या त्या सीटवर बसणाऱ्यासाठी. वाचणारा बदलला की भीतीही बरीचशी ओसरते. हे मला त्या दुपारी जितकं लख्ख दिसलं तितकं आधी दिसलं नव्हतं. तेव्हापासून नर्सलाही मी हाच प्रश्न विचारते, फक्त विमानाच्या जागी पेशंट घालते. अजून तरी तो वाया गेलेला नाही.

‘अहो, हे तर मी ग्राउंड क्लासमध्ये शिकवते,’ मधुरा म्हणाली आणि टीडब्ल्यूए या अमेरिकन एअरलाइनच्या फ्लाइट 514 ची हकिगत तिने मलाच ऐकवली. 1 डिसेंबर 1974 रोजी वॉशिंग्टनजवळच्या डलस विमानतळाकडे येताना, गैरसमजातून फार लवकर खाली आलेलं ते विमान माउंट वेदरच्या डोंगरावर आदळलं. 92 जण गेले. सहाच आठवडे आधी दुसऱ्या एअरलाइनचे वैमानिक त्याच मार्गावर तसाच गैरसमज होऊन थोडक्यात बचावले होते. त्यांनी आपल्या कंपनीला कळवलं, कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं. टीडब्ल्यूएच्या वैमानिकांपर्यंत ते पोचलंच नाही. त्यानंतर 1976 मध्ये अमेरिकेत नासाकडे एक गोपनीय नोंदणी व्यवस्था सोपवली गेली. चूक सांगायची ती दंड करणाऱ्या खात्याला नव्हे, तिसऱ्याच संस्थेला. दहा दिवसांच्या आत कळवलं तर दंडातून सवलत मिळू शकते. जाणूनबुजून मोडलेल्या नियमाला मात्र ती लागू नाही.

सीएफआय भडकले. लँडिंगवरून कमी, न लिहिण्यावरून जास्त. त्यांच्यासोबत चेक फ्लाइट होईपर्यंत तिचं शिकवणं बंद झालं. ही शिक्षा मला रास्त वाटली आणि मी तिला तसं सांगितलं. फायरवॉल ठीक निघाली. नोज स्ट्रटचं सील गळत होतं, ते त्या लँडिंगनेच गेलं की आधीपासून तसं होतं, इंजिनिअरला सांगता येईना. विद्यार्थ्यासोबत ती वेगळी बसली आणि कंट्रोल आपण उशिरा घेतला हे स्पष्ट बोलली. तो बिचारा इतके दिवस समजत होता की मॅमनी आपल्याला वाचवण्यासाठी हे दाबलं!

असाच प्रश्न घेऊन बसलेल्यांना मी काय सांगते? ज्याला इजा होऊ शकते त्याची सोय आधी, फोनवर, लगेच. धीर एकवटायची वाट पाहू नका. लेखी त्याच दिवशी, कारण चार दिवसांनी आठवण आपल्याच बाजूने बोलू लागते. विशेषणं गाळा. ‘पुन्हा कधीही होणार नाही’ हे लिहू नका, ते कोणाच्याच हातात नसतं. त्याऐवजी काय बदलणार ते लिहा. मधुराने लिहिलं, ‘पहिली उसळी आणि योक पुढे, की कंट्रोल माझा.’ कोणती घटना वर कुठे कळवायची हे वरिष्ठ आणि नियम ठरवतात. विमानांचे अपघात आणि गंभीर घटना कळवणं आपल्याकडे नियमांनी बंधनकारकच आहे. आपण आपल्या पायरीवर ते अडवायचं नाही. आणि सांगितलं म्हणजे माफ झालं असंही धरू नका. कधी ओरडा बसतो, कधी बढती लांबते. तेवढं सोसता येतं, हे आधी स्वतःला पटवा, मग दार वाजवा.

वरिष्ठांनाही एक सांगायचंय. संशोधक एमी एडमंडसन यांनी 1990 च्या दशकात रुग्णालयांतल्या टीम अभ्यासल्या, तेव्हा चांगलं नेतृत्व असलेल्या टीममध्ये औषधांच्या चुकांच्या नोंदी जास्त निघाल्या. तिथले लोक चुका बोलून दाखवत होते, असा त्यांनी अर्थ लावला. तेव्हा ‘आमच्याकडे एकही चूक नाही’ असं कोणी छाती फुगवून सांगू लागलं की मला जरा काळजीच वाटते.

वडिलांना मधुराने यातलं काही सांगितलेलं नाही. ‘सांगायलाच हवं का?’ असं तिने विचारलं होतं. मला तसं वाटत नाही. ज्यांच्या कामाचा तो रिपोर्ट होता, त्यांच्याकडे तो पोचला आहे.