सगळे हिरो हरले, मग चार सीझन बघितले कशाला?

प्रश्न: बीबीसीची जुनी सायफाय मालिका ‘ब्लेक्स सेव्हन’ बघून संपवली आणि डोकंच बधीर झालं, शेवटी सगळे मारले जातात, लेखकाला शेवट सुचला नाही का? — एक वाचक, नाशिक

उत्तर: नाही हो, उलट शेवट फार विचार करून लिहिलाय. 21 डिसेंबर 1981ला, म्हणजे ऐन नाताळाच्या आठवड्यात, हा 52वा, म्हणजे शेवटचा भाग लागला, विचार करा घराघरात काय झालं असेल! लिहिलाय ख्रिस बाउचरनी. आता गंमत बघा, बंडखोरांचा म्होरक्या ब्लेक सुपारी घेऊन माणसं पकडणारा असल्याचं नाटक करतोय, कोणावर विश्वास टाकायचा हे पारखून मग बंडात घ्यायचं म्हणून, आणि टोळीतला टॅरंट ते खरं समजतो न् ब्लेकचा जुना साथीदार एव्हॉन याला सांगतो की यानं आपल्याला विकलं. ब्लेक समजावत पुढे येतो आणि एव्हॉन गोळ्या घालतो. म्हणजे फेडरेशनचे, म्हणजे ज्या जुलमी सत्तेविरुद्ध हे लढतात तिचे, सैनिक आत यायच्या आधीच खेळ खलास झालेला असतो, यांना हरवलं ते एकमेकांवरच्या अविश्वासानं, आणि तो काय एका दिवसात आलेला नाही, पहिल्या सीझनपासून एव्हॉन-ब्लेकची जुंपलेली असतेच की. ब्लेकच्या अंगावर रक्त स्पष्ट दिसतं, कारण ब्लेक साकारणाऱ्या गॅरेथ थॉमसला आपलं पात्र नक्की मेलेलं दाखवायचं होतं. बाकीच्यांचं मरण तसं पक्कं दाखवलेलं नाही, आणि एव्हॉनचं तर नाहीच, तो बंदूक उचलतो, हसतो, मग नुसते गोळ्यांचे आवाज. मला विचाराल तर टीव्हीवरच्या सायफायमधला यापेक्षा प्रामाणिक शेवट मी बघितलेला नाही. पहिला सीझन परत लावा, आता त्या दोघांची भांडणं वेगळीच ऐकू येतील.