देवळाच्या मंडपात प्रोजेक्टर लावताना

पहिल्यांदाच लावतोयस, तर आधी टेप घेऊन अंतर मोज. माहितीपुस्तिकेत थ्रो रेशो, म्हणजे पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी, दिलेला असतो. तो १.५ असेल आणि पडदा ८ फूट रुंद, तर प्रोजेक्टर १२ फुटांवर ठेवायचा.

चित्र वर रुंद, खाली अरुंद दिसलं की सगळे लगेच कीस्टोनचं, म्हणजे तिरपं चित्र यंत्रातूनच चौकोनी करायचं, बटण दाबतात. शक्यतो दाबू नकोस. त्यात पिक्सेल वाया जातात, अक्षरं भुरकट होतात. टेबलाची उंची बदल, प्रोजेक्टर पडद्याच्या अगदी समोर सरळ आण. फोकससाठी बारीक अक्षरांचं पान लाव. चेहऱ्यावर फोकस नीट कळत नाही.

मे महिन्यात साडेसातच्या आधी सुरू करू नकोस, उजेडात चित्र फिकंच दिसणार.

आता आपल्याकडचं खरं दुखणं. जांभ्याची लाल धूळ फिल्टरमध्ये बसते, हवा अडते आणि यंत्र तापतं. प्रत्येक कार्यक्रमानंतर फिल्टर काढून मऊ ब्रशने झटक. पावसाळ्यात लेन्सवर बुरशी धरते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेव. मात्र यंत्र पूर्ण निवल्यावरच आत ठेवायचं.

आणि वीज! दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर छोटा यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर थोडा वेळ बॅटरीवर वीज देणारं यंत्र, घेच. वीज गेली की पंखा थांबतो, दिवा मात्र तापलेलाच असतो. वीज येताच घाईने पुन्हा चालू केल्याने माझा एक दिवा गेला. दहा-पंधरा मिनिटं थांब, लोक थांबतात.